जिवाणूला नोकरी द्या, पण रिफायनरीत नको

'डिझेलमधलं गंधक खाणारा जिवाणू सापडला!' ही बातमी तुम्ही कधी ना कधी वाचलीच असेल. दर दोन-चार वर्षांनी ती नव्याने येते. सोबत पेट्री डिशचा फोटो आणि खाली 'स्वस्त आणि पर्यावरणपूरक' हे दोन ठरलेले शब्द. बातमी खोटी नसते. जिवाणू खरंच सापडलेला असतो. फक्त तो पहिल्यांदा सापडला त्याला आता तीस-पस्तीस वर्षं झाली आणि तुमच्या-माझ्या गावच्या पंपावर मिळणारं डिझेल आजही त्याने साफ केलेलं नसतं.

बातमीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती बातमीच्या पुढच्या प्रवासाबद्दल. ती येऊन थांबते आपल्या कॉलेजांच्या प्रोजेक्टच्या यादीत. गोंदिया, अर्जुनी-मोरगाव, वडसा, साकोली, कुठेही मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. 'बायोडिसल्फरायझेशन' हा विषय कुणीतरी घेतलेला असतोच. प्रस्तावना नेटवरून, चार प्लेटांचे फोटो, 'परिणाम आशादायक आहेत' असा निष्कर्ष आणि सोनेरी अक्षरांचं काळं रेक्झिन बाइंडिंग. व्हायवा झाला की वही कपाटात. विषय चांगला आहे, त्यावर काम व्हायलाच हवं. पण आपण त्या जिवाणूला चुकीचा प्रश्न विचारतोय, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी गंधकाचं बघू. इटियाडोहच्या कालव्याचं पाणी टेलपर्यंत पोचलं नाही की बांधीच्या कडेला डिझेल इंजिन धडधडायला लागतं. पूर्वी त्या धुराला नाकाला झोंबणारा जो तिखटपणा असायचा, त्यात गंधकाचाही वाटा होता. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. हवेत त्याचे बारीक कण बनतात, पावसात त्याचं आम्ल होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालायचं. म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार. बीएस-३ मध्ये मर्यादा ३५० वर आली, बीएस-४ मध्ये ५० वर आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं तेव्हा १० वर. लिटरभर डिझेलचं वजन साधारण ८३० ग्रॅम धरा. तेव्हा त्यात आठ ग्रॅमपर्यंत गंधक असू शकायचं, आज आठ मिलीग्रॅम. हजारावा हिस्सा! एवढा कडकपणा नुसता धुरासाठी नाही. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारी जी उत्प्रेरकाची यंत्रणा असते, ती गंधकाने निकामी होते. डिझेल साफ झालं नसतं तर बीएस-६ ची गाडी रस्त्यावर येऊच शकली नसती.

हे गंधक काढतं कोण? हायड्रोजन. रिफायनरीत डिझेल तीनशे-चारशे अंश सेल्सियसला तापवतात, प्रचंड दाबाखाली त्यात हायड्रोजन सोडतात आणि कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून ते नेतात. गंधक हायड्रोजनशी लग्न करून हायड्रोजन सल्फाइड वायू होऊन बाहेर पडतं. त्या वायूपासून पुढे पिवळं गंधक मिळतं. त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि त्याच आम्लातून सिंगल सुपर फॉस्फेट. डिझेलमधून हाकललेलं गंधक असं खताच्या पोत्यातून पुन्हा आपल्या बांधीत येऊ शकतं. आहे की नाही गंमत!

ही पद्धत दणकट आहे, पण महाग आहे. हायड्रोजन बनवायचा तर नैसर्गिक वायू लागतो, तापमानाला इंधन लागतं. शिवाय गंधकाचे काही रेणू भारी चिवट असतात. डायबेन्झोथायोफीन हे त्यांच्यातलं मोठं घराणं. त्याला शास्त्रज्ञ 'डीबीटी' म्हणतात. (खात्यात सबसिडी जमा होते ती डीबीटी नव्हे.) या घराण्यातल्या काही रेणूंत गंधकाचा अणू मधोमध आणि दोन्ही बाजूंना मिथाइल गटांचे पहारेकरी, अशी रचना असते. उत्प्रेरकाला तिथवर हातच घालता येत नाही. मग आणखी दाब, आणखी तापमान, आणखी खर्च.

जिवाणूची एन्ट्री होते ती इथे. १९८० च्या दशकाच्या शेवटी शिकागो परिसरातल्या इन्स्टिट्यूट ऑफ गॅस टेक्नॉलॉजीत जॉन किलबेन यांनी एक ऱ्होडोकॉकस वेगळा केला. आयजीटीएस-८ हे त्याचं नाव. त्याची खासियत अशी, की तो डीबीटीचा सांगाडा न मोडता त्यातला फक्त गंधकाचा अणू बाहेर काढतो. त्याआधी माहीत असलेले काही जिवाणू डीबीटी फोडायचे, पण ते कार्बनची कडीच खायला लागायचे. म्हणजे दगड वेचायच्या नावाखाली तांदूळच फस्त! आयजीटीएस-८ दगडच वेचतो. चार पायऱ्यांत हे काम होतं: सल्फॉक्साइड, सल्फोन, सल्फिनेट आणि शेवटी सल्फाइट-सल्फेट. इंग्रजीत चौघांची सुरुवात 'एस' ने होते म्हणून या मार्गाला 'फोर-एस' म्हणतात. उरलेला सांगाडा बहुतेक तेलातच राहतो, त्यामुळे इंधनाची ऊर्जा फारशी घटत नाही. आणि हे सगळं साध्या दाबाला, अंग कोमट वाटेल एवढ्याच तापमानाला.

इथे एक घोळ निस्तरून घेऊ. 'तेल खाणारा जिवाणू' म्हटलं की आपल्याला आनंद मोहन चक्रवर्ती आठवतात. त्यांच्या जिवाणूचं पेटंट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केलं. काम मोठंच, पण ते जिवाणू सांडलेलं तेलच संपवायला निघाले होते. रिफायनरीत तेल संपवणारा पाहुणा कुणाला हवाय? दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात कोंबलेले प्रोजेक्ट मी वाचलेत, म्हणून सांगतोय.

तर असा गुणी जिवाणू. टेक्सासच्या एनर्जी बायोसिस्टिम्स या कंपनीने तो धंद्यात आणायचं ठरवलं. जनुकं ओळखली गेली, जिवाणूत बदल केले गेले, पेटंट झाली, भांडवल आलं. पुढे कंपनीने एन्कायरा असं नवं नाव घेतलं आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच गाशा गुंडाळला. का, हे जवळपास कुठल्याच प्रोजेक्टच्या वहीत नसतं. माझ्या मते वाचण्यासारखा भाग नेमका तोच आहे.

पहिली अडचण पाण्याची. जिवाणू पाण्यात जगतो, गंधक तेलात असतं. मग दोन्ही एकत्र घुसळायचं आणि काम झालं की पुन्हा वेगळं करायचं. तेल, पाणी आणि जिवाणू यांचं लोण्यासारखं मिश्रण बनतं आणि ते सुटता सुटत नाही. मुंबईत माहुलला भारत पेट्रोलियमची रिफायनरी आहे, तिची क्षमता वर्षाला १ कोटी २० लाख टन. दिवसाला ३२-३३ हजार टन झाले. त्यातल्या नुसत्या डिझेलच्या वाट्याला एवढं पाणी घुसळायला किती टाक्या लागतील, हिशेब करून पाहा.

दुसरी अडचण मला सगळ्यात मानवी वाटते. जिवाणू आपल्यासाठी काम करत नाही, पोटासाठी करतो. त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी गंधक त्याला पुरतं. एक टन डिझेलमध्ये ५०० ग्रॅम गंधक आहे असं समजा. ते सगळं जिवाणूंनी नुसतं अंगी लावायचं म्हटलं, तर निदान पन्नास किलो वाळलेले जिवाणू लागतील! आणि जादा काढून बाहेर टाकावं, तर अंगाभोवती सल्फेट जमलं की ही जनुकं बंदच होतात. पोट भरलं, दुकानाचं शटर खाली. शास्त्रज्ञांनी जनुकांचा तो स्विच बदलून पाहिला. त्याने वेग वाढला, पण पुरेसा नाही. कारण तिसरी अडचण ऊर्जेची. एक अणू गंधक काढायला पेशीला एनएडीएचचे चार रेणू खर्चावे लागतात आणि ते बनवायला तिला साखरेसारखं काहीतरी खायला घालावं लागतं. त्यात उरलेला सांगाडा साचला की तोच तिच्या कामात अडथळा आणतो.

तिकडे हायड्रोजनवाले काही झोपले नव्हते. उत्प्रेरक सुधारले, रिफायनऱ्यांनी हजारो कोटी घालून नवी युनिट्स उभी केली. आज त्यांना 'ते काढा आणि जिवाणू ठेवा' सांगायला कोण जाणार?

म्हणून मी म्हणतो की जिवाणू नापास झाला नाही, त्याला भलत्याच पेपरला बसवलं. तेलातून गंधक काढणं हे काम त्याच्या शरीराच्या, पोटाच्या आणि पाण्याच्या विरुद्ध होतं. त्याच्या भाऊबंदांना मात्र एक दुसरं काम मिळालं आणि तिथे ते उत्तम कमावतायत. ते काम म्हणजे वायूतून गंधक काढणं. डिझेलमधून हायड्रोजनने जो हायड्रोजन सल्फाइड बाहेर काढला ना, तोच वायू सांडपाण्याच्या टाक्यांत, नैसर्गिक वायूच्या विहिरींत आणि आपल्या गोबरगॅसमध्येही असतो. त्याला खाणाऱ्या जिवाणूंसाठी गंधक हा जेवणातला चिमूटभर मसाला नाही, ते त्यांचं इंधन आहे. ते हायड्रोजन सल्फाइड 'जाळून' त्यावर जगतात. म्हणजे जितकं गंधक जास्त, तितकं त्यांचं पोट मोठं.

नेदरलँड्समध्ये एरबेकच्या कागद गिरण्यांच्या सांडपाण्यातून निघणाऱ्या वायूवर १९९३ मध्ये अशी यंत्रणा बसली. थिओपॅक हे तिचं नाव. २००२ मध्ये कॅनडात नैसर्गिक वायूवरही ती चालू झाली. वायू सौम्य अल्कली पाण्यातून जातो, गंधक पाण्यात उतरतं, मोजून दिलेल्या हवेत जिवाणू त्याचं शुद्ध गंधक करतात. हे गंधक पाण्यात सहज मिसळतं, त्यामुळे बुरशीनाशक म्हणून आणि शेतीसाठी वापरता येतं. नाशिकचे द्राक्षबागायतदार भुरीवर गंधक मारतात, तसल्याच कामाला. आपल्या नागपूरच्या नीरीतही वायूतलं हायड्रोजन सल्फाइड जिवाणूंच्या मदतीने काढण्यावर काम झालंय. तिथे लोह आणि थायोबॅसिलस यांची जोडी होती. म्हणजे उदाहरण शोधायला टेक्सासला जायची गरजच नव्हती.

आणि जिवाणू शोधायला तर नागपूरलाही जायला नको.

इटियाडोह हे गाढवी नदीवरचं धरण, १९७० च्या सुमाराचं. त्याच्या भरवशावर खाली धानाच्या बांध्या पसरल्यात. रोवणीच्या आधी चिखलणी करताना पाय खोल गेला की काळा गाळ वर येतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. रोवणाऱ्या बायांना हा वास पाठ असतो, आपल्याला पुस्तकात शिकावा लागतो. साचलेल्या पाण्याखाली ऑक्सिजन संपला की काही जिवाणू सल्फेटवर श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तो लोहाशी मिळून गाळ काळा करतो. पण धानाच्या मुळांजवळ थोडा ऑक्सिजन असतो. तिथे दुसरे जिवाणू बसलेले असतात, ते हाच वायू पकडून त्याचं गंधक करतात. बेगियाटोआ हा त्यांच्यातला एक, साचलेल्या पाण्यात पांढऱ्या धाग्यांसारखा दिसतो. १८८७ मध्ये सर्गेई विनोग्राडस्की यांनी त्याचाच अभ्यास करून दाखवून दिलं, की निर्जीव रसायनांच्या ऊर्जेवरही जीव जगू शकतो. मामा तलावाचा गाळ, थोडा रद्दी कागद, अंड्याचा बलक, पारदर्शक बाटली आणि खिडकीतलं ऊन एवढ्यावर 'विनोग्राडस्की कॉलम' तयार होतो. काही आठवड्यांत बाटलीत हिरवे-जांभळे थर दिसायला लागतात. आठवीतली पोरंही करू शकतात.

तरीही कुणाला तेलातल्या गंधकाचाच जिवाणू शोधायचा असेल, तर जरूर शोधा. ट्रॅक्टर गॅरेजमधली जळक्या ऑइलने काळी झालेली माती घ्या. पण मग नीट शोधा. डीबीटी सोडून गंधकाचा दुसरा कुठलाही स्रोत माध्यमात नको. इथेच बहुतेकांची गाडी घसरते, कारण आगरमध्येच सल्फेट असतं. प्लेटवर वसाहती दिसल्या की आपण टाळ्या वाजवतो, आणि जिवाणू बिचारे आगरमधल्या गंधकावर वाढलेले असतात. खरी खूण वेगळी आहे. डीबीटीचा सांगाडा शाबूत राहून गंधक निघालं असेल, तर उरलेल्या संयुगाला गिब्स रिएजंट घातल्यावर निळा रंग येतो. त्याला लाखोंचं मशिन लागत नाही. निळं आलं नाही तर 'आलं नाही' असं लिहा. माझ्या हातात असतं तर अशा वहीला मी 'आशादायक'वाल्या दहा वह्यांपेक्षा जास्त मार्क दिले असते.

माझं म्हणणं एवढंच की त्याच मेहनतीत गोबरगॅसकडे पाहा. आपल्या पट्ट्यात गोबरगॅसचे किती सांगाडे उभे आहेत! लोखंडी ड्रम गंजला, शेगडी खराब झाली, वास येतो म्हणून घरच्यांनी सिलिंडर घेतला. त्या गंजामागे हायड्रोजन सल्फाइडचा मोठा हात असतो. शेणाच्या गॅसमध्ये तो शेकड्यांपासून काही हजार पीपीएमपर्यंत असू शकतो. गॅसवर इंजिन किंवा जनरेटर चालवायचा तर तो काढावाच लागतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये 'सतत' योजना आणली. शेण, तणस, कचरा यांपासून गाड्यांसाठी गॅस, पाच हजार प्रकल्पांचं लक्ष्य. प्रत्यक्षात त्याच्या आसपासही आपण पोचलो नाही. हार्वेस्टर आल्यापासून तणसाचं करायचं काय, हा प्रश्न धानपट्ट्यात आहेच. उद्या इथे असा प्रकल्प आला तर गॅस धुणारं युनिट सांभाळायला माणूस लागेल, आणि तो मायक्रोबायोलॉजीचाच असायला हवा. "काहून गा, जंतूंवर कोणी पगार देते का?" असं गावात विचारणाऱ्यांना दाखवायला निदान एक जागा तरी होईल.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. खेड्यातल्या पोरांनी गोबरगॅसच करायचा आणि रिफायनरीचं स्वप्न शहरातल्यांनी बघायचं का? आक्षेप बोचरा आहे आणि त्यात तथ्यही आहे. 'ग्रामीण' म्हणून विषय गळ्यात मारले जातात, हे आपण सगळ्यांनी सोसलंय. पण इथे उलटं आहे. डीबीटीवर जगभर शेकडो पेपर पडलेत, महागडी यंत्रं घेऊन लोक बसलेत. एका छोट्या गोबरगॅसमध्ये वर्षभर, उन्हाळा-पावसाळा-हिवाळा, हायड्रोजन सल्फाइड रोज किती असतो, याचे आकडे तुमच्या गावात तुमच्याशिवाय कोण घेणार आहे? यात कमीपणा कसला?

आणि हा वायू नुसता ड्रम गंजवत नाही. एप्रिल २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी, शेण-स्लरीसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याच्यामागे दुसरा, तिसरा. पाच जण गेले. शेण कुजतं तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड साचतात, ऑक्सिजन कमी होतो आणि हायड्रोजन सल्फाइडही असू शकतो. त्याची सर्वांत वाईट खोड म्हणजे प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस समजतो धोका टळला, तेव्हा खरा धोका सुरू झालेला असतो. पेट्री डिशपेक्षा ही एक गोष्ट आपल्या गावात आधी पोचायला हवी. टाकी किंवा स्लरीच्या खड्ड्यात कुणी पडलं, तर मागोमाग उतरायचं नाही. १०१ किंवा ११२ ला फोन करायचा, दोर टाकायचा.

प्रोजेक्टही त्याच शिस्तीत व्हावा. गॅसमध्ये किंचित हवा सोडून टाकीतल्या टाकीतच जिवाणूंकडून गंधक काढायची पद्धत जर्मनीतल्या शेतांवर रुळलेली आहे. हवा गॅसच्या आकारमानाच्या दोन ते सहा टक्के, त्याहून जास्त नाही. मिथेन आणि हवेचं प्रमाण चुकलं तर स्फोट होऊ शकतो, म्हणून हे घरच्या टाकीवर एकट्याने करून बघायचं काम नाही. शिक्षक, गॅस मीटर आणि बाहेरची मोकळी जागा हवीच. सुरुवात मात्र नुसत्या मोजण्यापासून करता येते. लेड अ‍ॅसिटेटचा कागद तुमच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असतोच, हायड्रोजन सल्फाइड लागला की काळा पडतो. अंदाजापुरता तो पुरे, आकड्यासाठी डिटेक्टर ट्यूब घ्या. कागद हातात धरताना हातमोजे घाला, त्यात शिसं असतं. गोठणगावच्या बाजूला कुणाचा तरी चालू गोबरगॅस शोधा, मालकाला चार शब्दांत सांगा आणि दर सोमवारी सकाळी एक नोंद करा: तारीख, तापमान, आदल्या दिवशी किती टोपली शेण गेलं, आकडा. रोवणीच्या पंधरवड्यात मालकाला वेळ नसेल, तेव्हा त्याच्या पोरीला शिकवून ठेवा. ती तुमच्यापेक्षा नीट लिहील.